बर्फांतली वाट आणि मोटारीचीं चाकें

पाऊस पडतो आणि उताराच्या वाटेनें वाहून जातो. बर्फ मात्र पडला तेथेंच बसतो. ऊन त्याला वितळवीपर्यंत किंवा माणूस त्याला बाजूस सारीपर्यंत तो हालत नाहीं. थंड देशांतील गृहस्थाच्या हिवाळ्यांतील बऱ्याचशा कष्टांचें मूळ एवढ्या एका गोष्टींत आहे.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याचें बफेलो शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाशीं वसलें आहे. हिवाळ्याच्या आरंभीं सरोवराचें पाणी अद्याप गोठलेलें नसतें. पश्चिमेकडील थंड वारा त्या पाण्यावरून येतांना बाष्प घेऊन येतो आणि किनाऱ्यावर तें हिमरूपानें टाकतो. वर्षाकाठीं तेथें सरासरीनें सव्वादोन मीटरांहून अधिक बर्फ पडतो. २०२२ च्या डिसेंबरांत नाताळच्या सुमारास झालेल्या हिमवादळांत त्या परगण्यांत चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं. कांहीं मोटारींत अडकून पडलीं, तर कांहींच्या दारापर्यंत मदतीची गाडी वेळेवर पोंचूंच शकली नाहीं. वाट मोकळी असणें ही तेथें केवळ सोयीची बाब नव्हे.

हमरस्ते साफ करण्यास नगरपालिकेचीं अवजड वाहनें असतात. परंतु रस्त्यापासून घराच्या दारापर्यंतची वाट, दुकानाचें किंवा दवाखान्याचें आवार, हें काम बहुधा खासगी पिकअप मोटारीकडे येतें. मागें उघडा हौदा असलेल्या या मोटारीच्या तोंडाशीं लोखंडाचें रुंद पातें बसवितात. इंग्रजींत त्याला नांगर म्हणतात खरें. पण तें जमीन उकरीत नाहीं, बर्फ लोटतें.

हें लोटणें किती जड असतें याचा हिशेब करून पाहावा. वीस मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा वाटेवर तीस सेंटिमीटर बर्फ साचला, तर तो अठरा घनमीटर होतो. ताज्या, कोरड्या बर्फाचें वजन घनमीटरास शंभर किलो धरलें, तरी अठराशें किलो झालें. आणि बर्फ ओला असेल तर तेंच तिपटीवर जातें. एवढा भार रेटण्याची शक्ति एंजिन देतें, परंतु ती जमिनीपर्यंत पोंचविणें चाकांच्या हातीं असतें. चाक घसरलें कीं एंजिनाचें सर्व बळ फुकट जातें. म्हणून तयारीचा आरंभ चाकांपासूनच झाला पाहिजे.

तपमान सुमारें सात अंश सेल्सिअसच्या खालीं गेलें म्हणजे उन्हाळी टायरचें रबर कडक होऊं लागतें व त्याची पकड सुटते. हिवाळी टायरचें रबर कडाक्याच्या थंडींतहि मऊ राहील असेंच बनविलेलें असतें. मालमोटारींसाठीं असा खास टायर फिनलंडमध्यें १९३४ सालींच निघाला होता. त्याच्या नक्षीवर बारीक बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फाला धरतात. खोल खांचांत बर्फ दाबून बसतो आणि खालच्या बर्फाशीं चिकटतो, त्याचाहि पकडीस उपयोग होतो. म्हणून टायर झिजून खांचांची खोली चार मिलिमीटरांवर आली, कीं तो बर्फाच्या कामीं वापरूं नये. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण असें चिन्ह पाहून घ्यावें. बर्फावरील पकडीच्या परीक्षेंत उतरलेल्या टायरलाच तें मिळतें.

चाक रुंद घ्यावें कीं अरुंद? भाताच्या खाचरांत गाडी हांकणारा कोंकणांतला गाडीवान रुंद म्हणेल, कारण अरुंद चाक चिखलांत रुततें. परंतु येथें बर्फाखालीं बांधलेला पक्का रस्ता असतो. अरुंद चाक बर्फ कापून त्या रस्त्यापर्यंत पोंचतें; रुंद चाक बर्फावर तरंगतें आणि घसरतें. म्हणून कारखानदारानें त्या मोटारीस मान्य केलेल्या मापांपैकीं अरुंद माप निवडावें. चारहि टायर एकाच जातीचे असावेत, आणि पात्याच्या वाढीव भाराला पुरून उरेल इतकी त्यांची क्षमता असावी. हिवाळी टायर साध्या पोलादी चाकांवर कायमचे चढवून ठेवले, म्हणजे दरवर्षीं टायर उतरवून पुन्हां चढविण्याचा त्रास वांचतो. चाकें बदलल्यावर ऐंशी ते दीडशें किलोमीटर चाललें कीं नट पुन्हां आवळावेत. थंडीनें हवेचा दाबहि उतरतो. तपमान साडेपांच अंशांनीं घटलें कीं तो सुमारें एक पौंडानें कमी होतो.

यानंतर समतोलाचा प्रश्न येतो. मोटारीच्या दोन आंसांत साडेतीन मीटर अंतर आहे आणि तीनशें किलोंचें पातें पुढच्या आंसाच्या एक मीटर वीस सेंटिमीटर पुढें टांगलें आहे असें धरूं. तरफेच्या नियमानें मागचा आंस सुमारें शंभर किलोंनीं हलका होतो आणि पुढच्यावर तीनशें नव्हे, चारशें किलो भार वाढतो. तो पेलण्याची आंसाची क्षमता चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत छापलेली असते. ती वाचल्याखेरीज पातें विकत घेऊं नये. उतारा म्हणून हौद्यांत मागच्या फाळक्याशीं वाळूचीं पोतीं ठेवतात. हीं पोतीं मागच्या आंसाच्याहि पलीकडे ठेवावींत, म्हणजे पुढचा भार थोडा उचलला जातो. तीं पक्कीं बांधावींत, नाहीं तर मोटार अकस्मात् थांबतांच पुढें धडकतात. चाक फिरूं लागलें, तर तीच वाळू त्याच्याखालीं पसरतां येते.

पातें उचलणारा पंप वीज फार ओढतो आणि थंडींत बॅटरीची ताकद उतरते. तेव्हां ती हिवाळ्यापूर्वीं तपासून घ्यावी. पातें उंच धरून लांब पल्ला गांठूं नये. रेडिएटरचा वारा अडून एंजिन तापतें. मोटार उभी करून एंजिन चालूं ठेवावयाचें असल्यास मागची धुराची नळी बर्फानें बुजलेली नाहीं ना, हें उतरून पाहावें. त्या धुरांतील विषारी वायूला वास नसतो व तो प्राणघातक ठरतो.

बर्फ पडण्यापूर्वींच आवारांतून पायीं फिरून दगडी कडा, गटारांचीं झांकणें व पाण्याचे नळ यांपाशीं काठ्या रोवाव्यात. बर्फ गुडघाभर साचूं न देतां वादळ चालूं असतांच अधूनमधून काढावा. पहिले ढीग शक्य तितके दूर लोटावेत, कारण ते गोठून भिंतीसारखे होतात आणि पुढच्या बर्फाला जागा उरत नाहीं. मोटार मागें घेतांना दर वेळीं वळून पाहावें. मुलें बर्फांत खेळण्यास येतात.

एवढी सिद्धता करूनहि २०२२ सारख्या वादळांत, जेथें पुढचें कांहींच दिसत नाहीं, तेथें अशी मोटार घेऊन निघणें म्हणजे अडकलेल्यांत आणखी एकाची भर घालणें होय. त्या वेळीं घरांत थांबावें. मात्र वारा ओसरल्यावर शेजारच्या म्हातारीच्या दारापर्यंत औषध नेणारी गाडी जावी, एवढें काम ज्या मोटारीचीं चाकें योग्य आहेत आणि भार समतोल आहे, ती तासाभरांत करून देते.