लिनन

लिनन हे जवसाच्या (अळशीच्या) खोडातील तंतूंपासून विणलेले कापड होय. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, जवस बियांसाठी पिकवतात. त्यापासून तेल व चटणी होते. तंतूसाठीचे वाण निराळे असतात. उंच, कमी फांद्यांची ही झाडे थंड, दमट हवेत दाट पेरली जातात. फ्रान्स व बेल्जियममधील समुद्राजवळचा प्रदेश यासाठी प्रसिद्ध आहे.

हे पीक कापण्याऐवजी मुळासकट उपटतात; त्यामुळे तंतूची पूर्ण लांबी टिकते. पुढे खोडे शेतातच दवात किंवा पाण्यात कुजवतात. तंतूंना खोडाशी बांधून ठेवणारे पेक्टिन त्यामुळे विरघळते. खरी कसोटी येथेच लागते: कमी कुजल्यास तंतू सुटत नाही, अधिक कुजल्यास तो दुबळा होतो. मग खोडे ठेचून, झोडून व विंचरून तंतू वेगळे करतात.

लिनन घाम चटकन शोषते, लवकर वाळते आणि ओले असताना अधिक मजबूत होते. मात्र ते फार चुरगळते.

प्राचीन इजिप्तमध्ये लिनन शुद्धतेचे चिन्ह होते. पुरोहित ते नेसत. ममीही त्यातच गुंडाळत. तेथील तारखान येथे सापडलेला लिननचा शिवलेला अंगरखा मळक्या चिंध्यांत पडून होता. तो १९७७ मध्ये ओळखला गेला. कार्बन कालमापनानुसार तो इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ या काळातील आहे. संस्कृतातील ‘क्षौम’ हे वस्त्रही मूळचे जवसाचेच. पुढे हा शब्द रेशमालाही लावला गेला.