पॉलिप आणि पोटातले राखणदार

तारकर्लीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

मागच्या पावसाळ्यात गटातल्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, 'पोटाची गाठ'. रक्कम मोठी होती. विचारलं तर म्हणाल्या, "माज्या पोटात गाठ गावली. आता माजा काय खरा नाय." लोहाच्या गोळ्या खाऊनही त्यांचं रक्त वाढत नव्हतं, म्हणून दुर्बिणीने जठर तपासलं होतं. रिपोर्टमधला 'पॉलिप' हा एकच शब्द त्यांनी घरी आणला आणि घरच्यांनी त्याचा अर्थ कॅन्सर असा लावला. आम्ही दोघीतिघी तो कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसलो. त्यात 'हायपरप्लास्टिक पॉलिप' असं लिहिलं होतं आणि खाली आणखी एक ओळ होती: दाहाच्या पेशी भरपूर. त्या दुसऱ्या ओळीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आज तिच्याबद्दल बोलू.

दाहाच्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे राखणदार. त्यांच्या राखणदारीचा शोध समुद्रकिनारीच लागला. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. आपल्या वाळूत तारामासा सापडला की पोरं त्याच्याशी खेळतात. त्यातून कुणी नोबेलपर्यंत गेलं हे आम्हालाही नवीन होतं. याच मेचनिकॉफ यांचे शिष्य वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आले, १८९७ साली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

काटा निघाला की राखणदार पांगतात, जखम भरते. पण काटा निघालाच नाही तर?

जठरातला असा काटा पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. तो बहुधा लहानपणीच घरातल्या माणसांकडून पोटात येतो आणि वर्षानुवर्षं राहतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. जठरातल्या ॲसिडमध्ये तो जगतो कसा? अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचं ॲसिड मारतो आणि बुळबुळीत थराखाली लपतो. त्याला हाकलायला आधी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी येतात. मग जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज येतात, लिम्फोसाइट येतात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी येतात. एवढी फौज जमूनही जंतू बहुधा संपत नाही आणि फौजही परत जात नाही.

या पेशी जंतू मारायला जी रसायनं सोडतात, त्यांनी जठराचं अस्तरही सोलवटतं. त्याच वेळी त्या 'भर घाला, दुरुस्त करा' असेही संदेश पाठवतात. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतीला ओल लागली की गिलावा सुटतो. गवंडी वर नवा थर देतो, ओल तशीच राहते, पुन्हा थर. काही पावसाळ्यांनी तिथे टेंगूळ दिसायला लागतं. तसंच अस्तराच्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात, आत सूज धरते आणि उंचवटा तयार होतो. तो हायपरप्लास्टिक पॉलिप. त्याचा पृष्ठभाग कच्चा असतो, थेंब थेंब रक्त झिरपतं, डोळ्यांना दिसत नाही. ताई पुढच्या दाराने लोह घेत होत्या आणि मागच्या दाराने ते जात होतं.

मग नुसतं टेंगूळ खरवडून काय होणार? ओल काढायला हवी. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९८ साली हे दाखवून दिलं. जंतू आणि असा पॉलिप दोन्ही असलेल्या काही रुग्णांना त्यांनी जंतूवरची औषधं दिली, काहींना दिली नाहीत. औषध घेतलेल्यांपैकी बहुतेकांचे पॉलिप १२ ते १५ महिन्यांत नाहीसे झाले. न घेतलेल्यांचे राहिले. काटा गेला, राखणदार पांगले, गाठ विरली.

सगळेच पॉलिप असे नसतात. ॲसिडिटीच्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना वेगळ्या जातीचे बारीक पॉलिप येऊ शकतात. त्यांत राखणदारांची गर्दी जवळजवळ नसते आणि ते बहुधा निरुपद्रवी असतात. पण चहाआधी गोळी ही सवय आमच्या गटातही अनेकींना आहे, आणि ती कुणी किती दिवस घ्यायला सांगितली होती ते आठवत नाही. डॉक्टरांना विचारा, मनाने बंदही करू नका. कधी राखणदारच चुकतात आणि ॲसिड बनवणाऱ्या आपल्याच पेशींवर तुटून पडतात. मग बी-१२ कमी होतं आणि त्या सुजलेल्या अस्तरावरही पॉलिप येऊ शकतात. ॲडिनोमा असं लिहिलेलं असेल तर मात्र ती गाठ पुढे बिघडू शकते, तिथे टाळाटाळ नको. हायपरप्लास्टिक पॉलिपमध्येही, विशेषतः एक सेंटिमीटरहून मोठा असेल तर, थोडा धोका असतो, म्हणून असे पॉलिप काढून तपासतात.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की विचारा: पॉलिप कोणत्या जातीचा? तुकडा तपासला का? जंतूची तपासणी झाली का? ती श्वासातून, शौचातून किंवा तुकड्यातून होते. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आधी सांगा, नाहीतर जंतू असूनही नाही असं दिसू शकतं. औषधं संपल्यावर महिन्याभराने पुन्हा तपासणी करायची असते, ती बहुतेकजणी विसरतात.

ताईंचा पॉलिप दुर्बिणीतूनच काढला, पोट उघडावं लागलं नाही. जंतू सापडला. चौदा दिवसांच्या गोळ्यांत पाचव्याच दिवशी तोंड कडू झालं म्हणून त्या बंद करायला निघाल्या होत्या. मग आम्ही पाळी लावली, रोज संध्याकाळी एकीने फोन करायचा, "गो, गोळी घेतलंस?" कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला नाही, रक्कम तेवढी खोडली. बांबोळीला फेरतपासणीसाठी जायच्या-यायच्या भाड्यापुरती नवी लिहिली आणि गटाने ती त्याच बैठकीत मंजूर केली.