उतारवयात कोणता व्यायाम कशाच्या कामाचा?



फुलचूर व आसपासच्या मायमाउल्यांचा जन्म धानाच्या बांधीत गेला. रोवणी, निंदण, कापणी, डोक्यावर भारे. त्यांना व्यायाम करा म्हटले की उत्तर ठरलेले, "जन्मभर राबलो, आता कसली कसरत?"

बोलणे रास्त आहे. बारामतीच्या शर्यतीत साठी उलटलेल्या लता करे लुगडे नेसून अनवाणी धावल्या नि पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२० साली मराठी चित्रपटही आला. पण त्यांचे अंग तोवर कामात होते. काम सुटले की स्नायू ओसरतात. पाळी गेल्यावर बाईची हाडे लवकर ठिसूळ होतात. मग रात्री अंगणात पाय घसरायचे निमित्त, खुब्याचे हाड मोडते आणि हिंडती-फिरती आजी खाटेला लागते.

उसाला पाणी दिले म्हणजे खताचे काम भागत नाही. व्यायामाचेही तसेच आहे.

१) चालणे : भरभर चालल्याने दम वाढतो, रक्तदाब व साखर आटोक्यात राहायला मदत होते. मात्र नुसत्या चालण्याने मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही.

२) ताकदीचे व्यायाम : हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, पाण्याची भरली बाटली उचलणे. बोस्टन येथील १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नव्वदीच्या माणसांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! तेव्हा "आता वय झालं" हे कारण चालायचे नाही.

३) तोलाचे व्यायाम : भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालणे. जगभरच्या प्रयोगांची २०१९ साली एकत्र पडताळणी झाली. त्यात अशा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे चौथाईने घटल्याचे दिसले.

४) ताण देणे, योगासने : यांनी सांधे मोकळे राहतात. खाली वाकणे, वरचा डबा काढणे सोपे जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी प्रमाण दिले आहे. आठवड्यात किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, दोन दिवस ताकदीचा, तीन दिवस तोलाचा.

घरीच एक परीक्षा घ्या. आजीला खुर्चीवरून उठून दहा फूट जाऊन, वळून, परत येऊन बसायला सांगा. कोणीतरी जवळ उभे राहावे. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजावे.

हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबावे.

आणि सूनबाईंना एक सांगणे. सासूबाईंच्या हातचे सगळेच काम मायेने काढून घेऊ नका. त्यांना झेपेल तेवढे त्यांच्याकडेच राहू द्या.