कोणाला राखावे, कोणाला सोडावे?

मे महिना सरत आला की रायगडच्या किनाऱ्यावर दोन कामांची घाई सुरू होते. पावसाळी मासेमारीबंदीपूर्वी होड्या वर ओढून शाकारायच्या असतात, जाळी सुकवून आवरायची असतात. हे पहिले काम. दुसरे काम तोंडाचे असते आणि ते अधिक वेळ चालते. प्रो कबड्डी लीगमध्ये 'यू मुम्बा'ने यंदा कोणाला राखावे, 'पुणेरी पलटण'ने कोणाला सोडावे, या प्रश्नांचा निकाल अलिबाग, रेवदंडा, मुरूड, उरण येथील कट्ट्यांवर रोज संध्याकाळी लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने लागतो. २०१८ चा लिलाव ३० व ३१ मे रोजी झाला, २०२५ चा ३१ मे व १ जून रोजी, दोन्ही मुंबईत. समोरच्या खाडीपलीकडे बोली लागत असताना अलीकडे प्रत्येक जण संघमालकाच्या भूमिकेत असतो.

सामने नसलेल्या काळातच क्रीडारसिकांच्या चर्चेला सर्वाधिक रंग चढतो, हा अनुभव जगभरचा आहे. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम शरद ऋतूत संपतो आणि हिवाळाभर शेगडीभोवती बसून कोणता खेळाडू कोणाच्या बदल्यात घ्यावा यावर वाद झडतात. बोस्टनच्या संघाने बेब रूथ हा खेळाडू न्यूयॉर्कला विकला, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. १९१८ नंतर बोस्टनला पुढचे विजेतेपद थेट २००४ मध्ये मिळाले आणि त्या मधल्या ८६ वर्षांत रूथच्या विक्रीचा उल्लेख झाला नाही असा हिवाळा क्वचितच गेला असेल. बेसबॉलमध्ये संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात आणि वेतनखर्चाला पक्की मर्यादा नाही. प्रो कबड्डीत मात्र संघबांधणीचा मुख्य मार्ग लिलावाचा आणि खर्चाला कमाल मर्यादेचे कुंपण. त्यामुळे येथील वादाचा खरा विषय 'श्रेष्ठ कोण' हा नसून 'कोणत्या किमतीला आणि कोणाच्या वाट्याचे काढून' हा आहे. कट्ट्यावरची चर्चा नेमकी येथेच अडखळते.

पाच कोटींचा हिशेब

अलीकडच्या हंगामांत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी पाच कोटी रुपयांची मर्यादा राहिली आहे. त्यातच राखलेल्या खेळाडूंचे वेतनही बसवावे लागते. संघात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू हवेत. लिलावात खेळाडूंचे चार गट असतात आणि त्यांच्या मूळ किमती ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख अशा उतरत्या ठेवलेल्या असतात. लिलावापूर्वी संघ आपले काही प्रमुख खेळाडू राखू शकतात. शिवाय पूर्वी नवोदित म्हणून घेतलेल्या तरुणांना पुढे चालू ठेवण्याची वेगळी सोय आहे. बाकीचे लिलावात जातात.

या व्यवस्थेत एक पळवाटही आहे. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने अंतिम बोली लावल्यावर मूळ संघ तेवढीच रक्कम मोजून त्याला परत घेऊ शकतो. हा अधिकार मर्यादित वेळाच वापरता येतो. 'सोडला' या शब्दाचा अर्थ 'नको झाला' असाच नसतो तो यामुळे. पुष्कळदा संघ बाजारात त्या खेळाडूची किंमत काय येते हे पाहत असतो. २०१८ मध्ये रिशांक देवाडिगासाठी यूपी योद्धाने हाच अधिकार वापरून १ कोटी ११ लाख रुपये मोजले होते.

आता हिशेब मांडून पाहावा. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६०.५ लाख रुपयांना घेतले. पाच कोटींतून ही रक्कम वजा केली तर उरतात २ कोटी ३९.५ लाख. किमान १८ जणांचा संघ धरला तरी उरलेल्या १७ जणांच्या वाट्याला सरासरी १४ लाख येतात. कबड्डीत मैदानावर सात जण असतात. एकाला निम्म्याहून अधिक रक्कम दिली की उरलेल्या सहा जागा मधल्या किंवा खालच्या गटातूनच भराव्या लागतात. त्या हंगामात टायटन्सने २२ पैकी अवघे दोन सामने जिंकले आणि संघ तळाला राहिला. पवनच्या चढाईत खोट नव्हती. तो बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आणण्यासाठी पकड करणारे पुरेसे हात नव्हते.

दोन निर्णय, दोन निकाल

यू मुम्बाच्या चाहत्यांच्या वादात दोन नावे हमखास निघतात. पहिले सिद्धार्थ देसाईचे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या या चढाईपटूला मुंबईने २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्या एका हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्या वर्षी संघाने त्याला राखले नाही आणि तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. मराठी मुलगा हातचा घालवला, अशी हळहळ तेव्हा सर्वत्र व्यक्त झाली. परंतु निकाल काय लागला? २०१९ च्या हंगामात सिद्धार्थने हैदराबादच्या संघासाठीही दोनशेचा टप्पा ओलांडला, तरी तो संघ बारांत अकरावा आला. त्याला सोडणारी मुंबई, जी आदल्या वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरली होती, ती या वेळी उपांत्य फेरीपर्यंत गेली. वाचलेल्या पैशातून बांधलेला बचाव आणि अभिषेक सिंगसारखे तरुण चढाईपटू तिच्या कामी आले.

दुसरे नाव अर्जुन देशवालचे. आणि येथे हिशेब उलटा पडला. २०१९ मध्ये मुंबईकडूनच लीगमध्ये आलेल्या या तरुणाला पुढे संघाने सोडले. २०२१ च्या लिलावात जयपूरने त्याच्यासाठी ९६ लाख रुपये मोजले. पुढच्याच वर्षी तो चढाईगुणांत लीगमध्ये पहिला आला आणि जयपूरने विजेतेपद पटकावले. म्हणजे सिद्धार्थला सोडणे शहाणपणाचे ठरले आणि अर्जुनला सोडणे महागात पडले. दोन्ही वेळी चाहत्यांनी हळहळ मात्र सिद्धार्थसाठीच अधिक केली. कारण त्याचे नाव झाले होते आणि अर्जुनचे व्हायचे होते. लिलावात किंमत मिळते ती गेल्या हंगामातील कामगिरीला. संघाला लाभ होतो तो पुढच्या हंगामातील. या दोहोंमधले अंतर ज्याला आधी दिसते तो संघ जिंकतो.

हा नियम किती कठोर आहे हे परदीप नरवालच्या कारकिर्दीत दिसले. पाटण्याला तीन वेळा विजेतेपद मिळवून देणाऱ्या परदीपला २०२१ मध्ये यूपी योद्धाने १ कोटी ६५ लाखांना घेतले, तो त्या वेळचा उच्चांक होता. २०२५ च्या लिलावात, चढाईत १,८०० हून अधिक गुण नावावर असताना, त्याच्यावर कोणीही बोली लावली नाही. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली.

महागडा खेळाडू नेहमीच चूक?

यावरून मोठी बोली लावणे म्हणजे मूर्खपणा, असा निष्कर्ष काढणेही उतावळेपणाचे होईल. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई याचे उदाहरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि १ मार्च २०२४ रोजी हरयाणाला २८-२५ असे हरवून पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरयाणाकडे गेला. त्या वर्षीच्या डिसेंबरात हरयाणा विजेता ठरला. २०२५ मध्ये गुजरातने २ कोटी २३ लाख मोजले. तो संघ मात्र पहिल्या आठांतही आला नाही.

खेळाडू तोच, किंमतही जवळपास तीच. मग फरक कशाचा? पुण्याकडे आणि हरयाणाकडे तो येण्यापूर्वीच जमलेला संघ होता. पुण्याने कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारख्या तरुणांना नवोदित म्हणून थोड्या वेतनात घेतले, वर्षानुवर्षे राखले आणि त्यातून जी रक्कम वाचली ती शादलुईवर लावली. पाया बांधून झाल्यावर कळस चढवला. पाया नसताना आणलेल्या कळसाचे काय होते, ते टायटन्सने दाखवले.

याची दुसरी बाजूही आहे. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावल्याने तो हंगामाबाहेर गेला. तरीही नरेंदर या तरुणाच्या बळावर तो संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. २०२५ च्या अंतिम सामन्यात दिल्लीने पुण्याला ३१-२८ असे हरवले, तेव्हा दिल्लीच्या बचावात फझल अत्राचली होता. २०१८ मध्ये लीगमधला पहिला कोट्यधीश ठरलेला हा इराणी कोपरारक्षक, वय वाढल्यावर दिल्लीला त्या रकमेच्या कितीतरी कमीत मिळाला होता.

साखळीला किंमत कोण लावणार?

रायगडच्या जाणकाराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. भातकापणी आटोपल्यावर येथील गावोगावच्या मैदानांवर प्रकाशझोतातील सामने सुरू होतात. तेथे वाढलेल्या प्रेक्षकाला ठाऊक असते की पकड एकट्याची नसते. कोपरारक्षकाने घोट्याला हात घातला त्याच क्षणी शेजारचा मध्यरक्षक अंगावर गेला पाहिजे; अर्धा क्षण उशीर झाला तर चढाईपटू दोघांचे गुण घेऊन मध्यरेषा ओलांडतो. ही समज एका लिलावात विकत मिळत नाही. लहानपणापासून एकाच मातीत, एकाच मंडळाकडून खेळलेल्या दोन भावांची किंवा शेजाऱ्यांची साखळी पाहिलेल्या माणसाला 'संघ मोडू नका' हे सांगावे लागत नाही. लिलावाच्या पडद्यावर मात्र प्रत्येकाची किंमत एकेकट्याची लागते. दोघांमधल्या जुळणीसाठी तेथे रकाना नाही.

'आपला माणूस' हा मुद्दाही याच समजुतीतून येतो. जानेवारी २०१८ मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, आणि त्याच वर्षी तो कर्णधार उत्तर प्रदेशच्या नावाच्या संघात खेळला. लीगमध्ये संघाचे नाव शहराचे असते, खेळाडू देशाचा, किंबहुना देशाबाहेरचाही. मुंबईच्या संघात मराठी खेळाडू असलाच पाहिजे असे कोणताही नियम सांगत नाही. ही तक्रार भावनिक म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण तिच्यात व्यवहारही आहे. नवोदितांची भरती लिलावाबाहेर, ठरलेल्या वेतनावर होते. संघाचे निवडकर्ते ज्या मैदानांवर जातील तेथल्या मुलांना ती दारे उघडतात. म्हणून कोट्यवधींच्या बोलीपेक्षा, यंदा आपल्या जिल्ह्यातील किती मुले नवोदितांच्या यादीत आली, हा प्रश्न किनाऱ्यावरील गावांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

त्याचीही किंमत गावाला मोजावी लागते. पूर्वी चांगल्या खेळाडूचे स्वप्न म्हणजे रेल्वे, पोलीस, पेट्रोलियम कंपनी किंवा बँकेच्या संघातून मिळणारी कायमची नोकरी. तो मुंबईला गेला तरी सणाला आणि गावच्या स्पर्धेला परतत असे. लीगच्या शिबिरात गेलेल्या खेळाडूला दुखापतीच्या भीतीने ते नेहमी शक्य होत नाही. नोकरी निवृत्तीपर्यंत पुरत असे. करार एक-दोन हंगामांचा असतो. मुलगा निवडला गेला म्हणून पेढे वाटणारे मंडळच पुढच्या महिन्यात स्पर्धेसाठी चढाईपटू शोधत फिरते.

१५ जुलै हा शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिन महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. तोवर किनाऱ्यावर पाऊस स्थिरावलेला असतो, होड्या शाकारलेल्याच असतात आणि बोली लागून गेली असली तरी वाद संपलेला नसतो. तो संपूही नये. मात्र त्यात एक सवय पडली तर चर्चा अधिक शहाणी होईल: 'अमक्याला घ्या' म्हणणाऱ्याने त्याच श्वासात 'तमक्याला सोडा' हेही सांगावे. पाच कोटींची मर्यादा संघमालकाला जशी आहे, तशीच ती कट्ट्यालाही लागू केली की निम्मे निर्णय आपोआप बदलतात.