सात्या, टेकोडे आणि चुंदाचं जेवण

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की वस्तीवस्तीच्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन सुरू होतं. त्याच दिवसांत मेळघाटच्या पायथ्याला, पातूर-बार्शीटाकळीकडच्या रानात, धुऱ्यावर, वारुळाच्या आजूबाजूला छत्र्या उगवतात. विदर्भात कुणी त्यांना सात्या म्हणतं, कुणी टेकोडे, कुणी नुसतं भुईछत्र. मोठ्या शहरांत त्यालाच मशरूम म्हणतात आणि पाकिटात भरून विकतात. दर पावसाळ्यात बाया आम्हाला एकच गोष्ट विचारतात, हे खावं की नाही?

आधी लाजेचं बोलू. 'कुत्र्याची छत्री खाणारे' म्हणून हिणवलं गेल्याची आठवण अनेक घरांत आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याबरोबर भुईछत्रही द्विजांना वर्ज्य ठरवलं आहे. ती मनुस्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. तेव्हा कुणाच्या विटाळाच्या भीतीने हे अन्न सोडायचं काही कारण नाही. सोडायचं असेल तर ते विषारी आहे की नाही एवढ्याच प्रश्नावर, आणि तो प्रश्न मात्र खरा आहे.

वारुळाजवळची सात्या ही वाळवीने पिकवलेली शेती असते. वाळवी जमिनीखाली, चावलेल्या पाल्यालाकडाच्या पोळ्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. पाऊस पडला की त्या पोळ्यातून देठ वर येतो आणि छत्री उघडते. म्हणून खऱ्या सात्याचा देठ जमिनीत खोल, मुळासारखा लांब जातो. छत्रीच्या मध्यावर बहुधा टोक असतं आणि बुडाशी वाटी नसते. कोरकू बाया आणि रानाशेजारची म्हातारी माणसं ती जागा दरवर्षीची म्हणून ओळखतात. त्यांचं ज्ञान छत्रीच्या रंगाइतकंच जागेचं असतं. गाव सोडून अमरावती-अकोल्याच्या वस्तीत राहायला आलेल्या घरात ते ज्ञान पोचत नाही. आजीला गावचं वारूळ माहीत होतं, नातीला नाल्याकाठचा उकिरडा दिसतो.

त्यात आता मोबाईल आला. थंड डोंगरातल्या पाइनच्या जंगलात बोलेट नावाचं जाड देठाचं मशरूम मिळतं. त्याच्या छत्रीखाली पडदे नसतात, स्पंजासारखी बारीक भोकं असतात. युरोपात ते महाग विकलं जातं. व्हिडिओत सांगतात, खाली स्पंज असला की बिनधास्त खा. ते बोलेट पाइनच्या मुळांशी जोडी करून वाढतं. आपल्या वऱ्हाडात साग आहे, पळस आहे, बाभूळ आहे, पाइनचं जंगल कुठे आहे? शिवाय बोलेटच्या काही जाती खाल्ल्यानेही जोराच्या उलट्या होतात. दुसऱ्या रानाचा नियम आपल्या रानाला लावू नये.

आपल्याकडचे घरगुती नियमही तसेच. चांदीचं नाणं काळं पडलं तर विष, लसूण किंवा तांदूळ रंग बदलला तर विष, किड्याने खाल्लं असेल तर चांगलं, उकळून पाणी फेकलं की झालं. यातली एकही कसोटी खरी नाही. कालाम सुत्तात तथागतांनी परंपरेने आलं, मोठ्यांनी सांगितलं एवढ्यावरून मानू नका असं सांगितलं, ते चुलीजवळही लागू आहे. सगळ्यांत घातक जातींचं विष उकळून, तळून, वाळवून जात नाही.

दोन प्रकार लक्षात ठेवा. उकिरड्यावर, मैदानात, बागेच्या गवतात येणारी मोठी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले, खालचे पडदे पुढे हिरवट होतात. ही खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या आणि हगवण लागते. दुसरी, बुडाशी वाटीसारखी पिशवी, देठावर कडं आणि पांढरे पडदे असलेली. हिच्या काही जाती माणूस मारतात. या खुणा नाकारण्यासाठी आहेत. खूण दिसली नाही म्हणजे खायला हरकत नाही, असं समजू नका. फवारलेल्या कपाशीच्या धुऱ्यावरचं आणि सांडपाण्याकाठचं तर ओळखीचं असलं तरी घेऊ नका.

आता घड्याळाची गोष्ट, आणि ही घरातल्या प्रत्येकाला सांगा. लवकर सुरू झालेल्या उलट्या त्रास देतात, पण बहुधा पोटापुरत्या राहतात. सहा तासांनंतर, कधी बारा तासांनंतर सुरू झालेल्या उलट्या-हगवण जास्त भयंकर. सलाईन लागतं, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, माणूस घरी येतो. आत यकृत जळत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात. तेव्हा कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं तर उरलेला वेळही गेला. एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानातलं मशरूम खाऊन १३ माणसं गेली. त्यांत बहुतेक चहाच्या मळ्यातल्या मजुरांच्या घरची होती.

म्हणून शंका आली की १०८ ला फोन करा. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार गाठा. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. उरलेली भाजी डब्यात आणि न शिजवलेला तुकडा कागदात घेऊन जा. 'अन्नातून विषबाधा' एवढंच सांगू नका. रानातलं मशरूम खाल्लं, किती वाजता खाल्लं, उलटी किती वाजता सुरू झाली, हे नर्सला सांगा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा. यकृताची तपासणी, म्हणजे एलएफटी आणि पीटी-आयएनआर, मागून घ्या. पहिल्या दिवशी रिपोर्ट चांगला आला तरी ती पुन्हा करावी लागते. नर्सची नोकरी केलेल्या बाईचं हे सांगणं आहे, मागायला लाजू नका.

आणि वॉर्डाबाहेर जे चालतं त्याबद्दलही बोलायला हवं. 'हिनेच आणलं, हिनेच रांधलं', असं सासू, नवरा, शेजारी बोलत राहतात. ती बाई स्वतःही आजारी असते. महापरिनिब्बान सुत्तात पावा गावच्या चुंद लोहाराचं जेवण आहे. त्याने वाढलेलं 'सूकरमद्दव' काय होतं यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी डुकराचं मांस म्हणतं, कुणी डुकरं उकरून काढतात ते भुईछत्र. तथागतांनी ते फक्त आपल्यालाच वाढायला सांगितलं, उरलेलं पुरून टाकायला लावलं. नंतर भयंकर आजारात त्यांनी आनंदाला बजावलं की चुंदाच्या मनात पश्चात्ताप राहू देऊ नका, त्याला दोष देऊ नका. विहारात हा भाग वाचला जाईल तेव्हा आपल्या वस्तीतल्या त्या बाईची आठवण ठेवावी. दोषाच्या भीतीने बाया काय खाल्लं हे लपवतात आणि डॉक्टरला खरं कळायला उशीर होतो.

पौष्टिकपणाचंही खरं सांगतो. ताज्या मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं साधारण ३ ग्रॅम, तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. चव मटणासारखी लागते म्हणून ताकदही तेवढीच मिळते असं नाही. महागाचा वाटा घेण्यापेक्षा त्या पैशात अंडी, फुटाणे, बरबटी जास्त येतात.

आवडच असेल तर धिंगरी मशरूम घरी घेता येतं. त्याला सोयाबीनचं किंवा गव्हाचं कुटार चालतं. कुटार भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून पिशवीत बियाण्यासोबत थर लावतात. सावलीची ओलसर खोली लागते, साधारण तीन आठवड्यांत पहिली तोड निघते. उन्हाळ्यात आपल्याकडे ते टिकत नाही, पावसाळा आणि हिवाळा बरा. बियाणं आणि प्रशिक्षणाची चौकशी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे करावी. बचत गटाच्या पाच-सहा जणींनी मिळून गेलं तर गाडीभाडंही वाटून जातं.