जुनी रायफल स्वस्तात मिळतेय? आधी ‘बोअर’ विचारा!

ऐरोली, प्रतिनिधी

इमारत पुनर्विकासाला जाते, माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली आजोबांची रायफल हाती लागते. किंवा एखादा परिचित हळूच सांगतो, ‘अस्सल फौजी माल आहे, अगदी जपून ठेवलेला; घेणार असाल तर स्वस्तात देतो.’ जुन्या वस्तूंची आवड असलेल्या कोणालाही मोह व्हावा, असाच हा प्रसंग. मात्र आपल्याकडे अशा रायफलीचे मोल तिच्या लाकडाच्या चकाकीवरून ठरत नाही. ते ठरते नळीच्या व्यासावरून, म्हणजेच ‘बोअर’वरून.

थ्री नॉट थ्रीची कुळकथा

आपल्याकडील जुनी लष्करी रायफल म्हणजे बहुतेक वेळा ली-एनफिल्ड, अर्थात ‘थ्री नॉट थ्री’. नळीचा व्यास ०.३०३ इंच, पेटीत दहा काडतुसे आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने मागेपुढे करावयाचा बोल्ट. १९०७ साली आलेला तिचा आखूड नमुना दोन्ही महायुद्धांत लढला. कोलकात्याजवळील इशापूरच्या कारखान्यात ती मोठ्या प्रमाणावर तयार झाली. १९६२च्या चीन युद्धानंतर तेथेच तिची ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती निघाली.

पोलिसांकडे ही रायफल कितीतरी काळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अत्याधुनिक रायफली घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर आपल्या पोलिसांच्या हाती अशीच जुनी शस्त्रे होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो थेट २०२०च्या प्रजासत्ताक दिनी.

तिकडे संग्रह, इकडे गुन्हा

अमेरिकेत लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली विकत घेण्याचा छंदच आहे. तेथे १९६८च्या कायद्याने अशा शस्त्रांची आयात थांबली होती. १९८४च्या दुरुस्तीने संग्राह्य शस्त्रांसाठी हे दार पुन्हा उघडले. त्यानंतर इशापूरच्या रायफलीही तेथील संग्राहकांच्या घरी पोहोचल्या. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या ऐरोलीकराला अशी रायफल दुकानात दिसली, तर नवल नाही. पण ती सामानात घालून मायदेशी आणण्याचा विचारही करू नये.

कारण आपल्या शस्त्र नियमांनुसार ०.३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरची, अथवा ही लष्करी काडतुसे झाडू शकणारी कोणतीही बोल्टची रायफल प्रतिबंधित आहे. जुनी ०.४१० मस्केटही त्याच वर्गात मोडते. अशा शस्त्राचा परवाना स्थानिक पोलीस आयुक्तालय देऊ शकत नाही. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षांचा कारावास आहे. साध्या बोअरचे शस्त्र विनापरवाना सापडले, तर २ ते ५ वर्षे. ‘आजोबांची आठवण होती’ हा त्यावर बचाव ठरत नाही.

‘पण ती चालतच नाही’ असेही सांगितले जाते. कायद्यात पुराणवस्तू वा निकामी शस्त्रांना सवलत आहे, हे खरे. पण दुरुस्ती करूनही ते शस्त्र झाडता येणार नाही, अशी त्याची अवस्था असावी लागते. निव्वळ गंजलेला बोल्ट त्यासाठी पुरेसा नाही.

मग कायदेशीर मार्ग कोणता?

नागरिकांना लष्करी काडतुसाची रायफल द्यायची नाही, या ब्रिटिश धोरणातून ‘थ्री फिफ्टीन’, म्हणजे ०.३१५ बोअर रुळली. आयुध निर्माणीची या बोअरची रायफल ली-एनफिल्डच्याच घडणीची आहे. परवाना असल्यास ती वापरलेल्या अवस्थेतही घेता येते. खरेदी शक्यतो परवानाधारक विक्रेत्यामार्फत करावी. खासगी व्यक्ती विकत असेल, तर तिने पोलीस ठाण्याला किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबणे आवश्यक असते. वारशाने आलेले शस्त्र धरूनही एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात.

घेताना नळीतील आटे स्पष्ट आहेत का, आणि बोल्ट व सांगाड्यावरील क्रमांक एकच आहे का, हे तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे. हाच क्रमांक परवान्यावरही असला पाहिजे. काही जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत राहून ओलावा शोषतात आणि आतून गंज धरतो. खाडीकाठच्या ऐरोलीच्या दमट हवेत तो अधिक वेगाने पसरतो. त्यामुळे बाहेरून कोरी दिसणारी रायफल आतून पोखरलेली असू शकते.

ट्रंकेत सापडलीच तर...

ती भरलेली आहे असे समजूनच वागावे. घोड्याला हात लावू नये, काडतुसे काढण्याचा खटाटोप करू नये, मित्रांना दाखवू नये. आजोबांचा परवाना कागदपत्रांत शोधावा. ती गाडीत घालून नेण्याऐवजी आधी पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, गरज भासल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. परवान्याची मुदत संपल्याने वा अन्य कारणाने बेकायदा ठरलेले शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसांनी नेमके हेच करायचे असते. बोअर प्रतिबंधित नसेल, तर जमा केल्यावर वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो.

स्वतःहून कळवणारा वारस आणि छाप्यात सापडलेला मालक यांच्याकडे एकाच नजरेने पाहिले जात नाही. आणि कागद नसलेली रायफल कोणी स्वस्तात देत असेल, तर खरी किंमत पुढे न्यायालयात मोजावी लागते.