आठी वेगळी, खळगा वेगळा

साल १९८७. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्याकडे एक रुग्ण येत असे. तिच्या पापण्या आपोआप घट्ट मिटत. भोवतालचे स्नायू सैल पडावेत म्हणून तिथे बोट्युलिनम टॉक्सिन टोचायचं, हा तेव्हाचा नवा इलाज. एकदा तिने तक्रार केली, की या खेपेला भुवयांच्या मध्ये सुई टोचलीच नाही! तिथे विकार नव्हता. पण तिथे टोचलं की चेहरा निवांत दिसतो, हे तिने आरशात पाहिलं होतं. जीन यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ, त्यांच्याकडे आठ्यांना कंटाळलेले रुग्ण रोजचेच. आठ्यांवरच्या या उपायाचा दोघांचा शोधनिबंध १९९२ मध्ये आला आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला, म्हणजे याच टॉक्सिनच्या औषधाला, मान्यता दिली.

मुळात हे जहाल विष. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतले डॉक्टर आणि कवी युस्टिनस केर्नर यांनी खराब सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. सॉसेजच्या ‘बोट्युलस’ या लॅटिन नावावरूनच पुढे विषाचं नाव पडलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांनी डुकराचं खारवलेलं मांस खाल्लं, तिघे दगावले आणि एमील व्हान एर्मेंगेम यांना त्यामागचा जिवाणू सापडला.

सुईतून जाते ती या विषाची अत्यल्प, मोजून घेतलेली मात्रा. मज्जातंतू स्नायूला ‘आकस’ असा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनातून देतो. विष ते रसायन बाहेरच पडू देत नाही. तीन-चार दिवसांत आठी सैल होऊ लागते, पंधरवड्यात पूर्ण परिणाम दिसतो आणि साधारण तीन-चार महिन्यांनी मज्जातंतू पूर्ववत निरोप धाडू लागतो.

पण वयाच्या सगळ्याच खुणा स्नायूंनी उमटवलेल्या नसतात. वाढत्या वयात हाडं झिजतात, गालांतली चरबी कमी होते, खाली सरकते, त्वचेतलं कोलॅजन घटतं. मग गाल खपाटीला जातात, नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते. ही पोकळी बोटॉक्स भरू शकत नाही. तिथे फिलर लागतो. अनेकदा तो हायलुरॉनिक आम्लाचा जेल असतो. हे आम्ल आपल्या त्वचेत असतंच, पाणी धरून ठेवतं. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गायीच्या डोळ्यातून वेगळं केलं होतं.

बोटॉक्स आणि फिलर या दोन्हींना सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणण्याची सवय धोक्याची आहे, कारण दोन्हींचे धोकेही निराळे. बोटॉक्स चुकीच्या जागी पसरलं तर पापणी काही आठवडे खाली लोंबते, पण परत वर येते. फिलर रक्तवाहिनीत शिरला तर त्वचा मरू शकते आणि क्वचित कायमची दृष्टी जाते. भुवयांमधला भाग आणि नाक या बाबतीत विशेष जोखमीचे, कारण तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमन्यांशी जोडलेल्या असतात.

म्हणूनच ब्यूटी पार्लरच्या खुर्चीत स्वस्तात हे करून घेणं अंगाशी येऊ शकतं. टोचणारी व्यक्ती प्रशिक्षित डॉक्टर आहे का, कुपीवरचं नाव आणि मुदत काय, हे विचारताना संकोच नको. गर्भवती, स्तनदा माता आणि मायस्थेनियासारखे स्नायूंचे आजार असलेल्यांनी बोटॉक्स टाळावं. फिलर घेताना आणखी एक प्रश्न: हायलुरॉनिडेज जवळ आहे का? हे विकर हायलुरॉनिक जेल विरघळवतं. टोचल्यावर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडली, असह्य दुखलं, डोळ्यापुढे अंधारलं, तर उद्याची वाट न बघता त्याच घटकेला डॉक्टरांना दाखवायचं.